मुंगीच्या दाढेची तपासणी

रविवार, ६ ऑगस्ट

मुंगीच्या आईस,

तुझं पत्र मिळालं. दप्तरात, गणिताच्या वहीत, नेहमीच्या जागी. दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला.

आपली मुलगी सहा वर्षांची आहे. तिची दाढ दुधाची आहे. दुधाची म्हणजे पडणारी. जी वस्तू पडणारच आहे तिच्यावर स्टीलची टोपी बसवायची? मोडीत निघालेल्या तराजूला नवं पारडं लावा असं मला कोणी सांगितलं तर मी त्याला काय म्हणेन, ते तुला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही. पाकीट मुंगीच्या दप्तरातून जातं आणि बाईसाहेब आता जोडाक्षरं वाचायला लागल्यात.

मी वजनमाप खात्यातला माणूस. दुकानात शिरल्यावर जो दुकानदार सर्वांत गोड हसतो, त्याच्या काट्याखाली मी आधी बघतो. तिथे कधी पैसा चिकटवलेला असतो, कधी चुंबक. संशयी स्वभाव म्हणून तू मला आयुष्यभर हिणवलंस, पण त्याच स्वभावावर आपलं घर चाललं होतं. तर सांगायचं असं की कुठे पाणी मुरतंय ते मला लगेच दिसतं, आणि इथे तर धो धो मुरतंय.

मुंगी माझ्याकडे एकदाही दात दुखतो म्हणाली नाही. तूही लिहितेस की तुझ्याकडे म्हणाली नाही, दात घासताना तुलाच भोक दिसलं. मग दुखत कोणाला होतं? तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना?

आणि तो क्ष-किरणाचा फोटो. उजवीकडच्या दाढांचा फोटो पाठवलास, त्यात काळी सावली आहे, मान्य. डावीकडचा कुठे आहे? ‘मुंगीने पट्टी नीट चावलीच नाही, फोटो हलला, पुन्हा कधीतरी काढू’ म्हणे. वा! माझ्याही दुकानदारांचं एक वजन नेमकं तपासणीच्या दिवशीच हरवतं.

कीड कशाने लागली तेही तू मला सुनावलंयस. माझ्याकडे रात्री दूध पिऊन तशीच झोपते म्हणे. मुळीच नाही. तुझ्याकडे झोपत असेल. तुझी आई एका हाताने तिचा गालगुच्चा घेते आणि दुसऱ्या हाताने चॉकलेट देते, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

थोडक्यात, टोपीला माझी परवानगी नाही. फोन करणार नाही. फोनवर आपण भांडतो म्हणून जे काय असेल ते लिहून कळवायचं, हा नियम तूच केलास, आणि तुझ्या सगळ्या नियमांपैकी तो एकच मला पटलाय.

मुंगीचा बाबा


बुधवार, १६ ऑगस्ट

मुंगीच्या आईस,

आधी मला शाबासकी दे, मग शिव्या दे. घडलंही तसंच.

रविवारी मुंगी तुझ्याकडून आली. दात घासताना मी म्हटलं, आ कर, बघू तरी ते जगप्रसिद्ध भोक. बघतो तर भोकाशेजारी, दोन दाढांच्या फटीत, निळं रबराचं कडं! इवलंसं. पलीकडच्या फटीत आणखी एक. विचारलं, “हे काय गं?”

“पाहुणे आहेत,” मुंगी म्हणाली.

आता यावरून कोणाला काय कळणार? मला वाटलं, शाळेतलं काहीतरी खेळणं तोंडात घालून अडकवून बसलीय. दोरा घेतला, फटीत सरकवला, हळूच ओढला आणि दोन्ही कडी सहीसलामत बाहेर काढली. पोरगी रडलीसुद्धा नाही. “पाहुणे गेले,” एवढंच म्हणाली. मी इतका खूश, की कडी आगपेटीत जपून ठेवली, तुला पुरावा म्हणून.

तुझं पाकीट मी त्यानंतर उघडलं. आधी का नाही उघडलं, तर तुझी पत्रं उघडायला मला जरा धीर गोळा करावा लागतो. त्यात लिहिलेलं की ती कडी डॉक्टरीणबाईंनीच घातलीत, दाढा जराशा बाजूला सरकून टोपीला जागा व्हावी म्हणून, गुरुवारपर्यंत ठेवायचीत, आणि ‘कृपा करून हात लावू नकोस’. खाली दोन रेघा.

बरं, चुकलं. पण मला हे सांग, माझी परवानगी नाही असं स्वच्छ लिहिल्यावर कडी घातलीसच कशी? ‘टोपीचं तू सावकाश ठरव, तोवर जागा तरी होऊ दे’ हे काय उत्तर झालं? भाडेकरू असेच घुसतात. आधी फक्त सामान ठेवायला जागा मागतात.

गुरुवारची वेळ मीच फोन करून रद्द केली. कारण सांगितलं तेव्हा दवाखान्यात फोन घेणारी ती खिडकीवरची मुलगी मला ऐकू येऊ नये म्हणून फोनवर हात ठेवून हसली. ऐकू आलं.


शनिवार, १९ ऑगस्ट. याच पाकिटात घालतोय.

काल तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. न कळवता. तपासणी कळवून केली तर ती तपासणी नव्हे.

बसायच्या खोलीत सगळ्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. भिंतीवर उंची मोजायचा जिराफ, कोपऱ्यात एक चाक नसलेली आगगाडी. समोर दोन वेण्यांची एक मुलगी आणि तिची आई. मुलगी हसली तशी आत चांदीसारखं काहीतरी चमकलं. मी लगेच कामाला लागलो. विचारलं, “बसवताना दुखलं का गं?”

“दाबलं. मग आई रडली.”

“मी नाही काही!” आई म्हणाली. मग आवाज खाली आणून मला सांगायला लागली की पहिला दिवस हिरडी ठणकली, दोन दिवस मऊ खाल्लं, चिकट गोळ्या बंद केल्या, आता पोरगी नवी चप्पल दाखवावी तशी दाढ दाखवत फिरते. बाई बोलायला चांगली होती. म्हणजे दवाखान्याचंच माणूस असणार, असं मला वाटलं.

एवढ्यात खिडकीवरच्या मुलीने विचारलं, “तुमचं बाळ कुठंय?” मी म्हटलं, येतंय. परत विचारलं. म्हटलं, वाटेत आहे. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईच बाहेर आल्या. “आपण कोण?” आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, “वजनमाप खातं.”

“या ना,” त्या म्हणाल्या, “काटा आत आहे.”

खरंच होता. भूल किती द्यायची ते मुलाच्या वजनावर ठरतं, म्हणून तिथे वजनकाटा ठेवलाय. आता अंगावर आलंच म्हणून पिशवीतली वजनं काढली आणि तपासला. अचूक. यंदाचा शिक्काही होता. खरं सांगतो, मला जरा वाईटच वाटलं.

मग सांगितलं कोणाचा बाप ते. “म्हणजे आमची कडी काढणारे तुम्हीच!” बाई म्हणाल्या. मी विषय बदलला. म्हटलं, पडणाऱ्या दाताला टोपी कशाला? त्या म्हणाल्या, ही दाढ पडेपर्यंत मुंगी दहा-अकरा वर्षांची होईल, तोवर चावणार कशाने? आणि आत्ताच उपटली तर शेजारच्या दाढा त्या जागेत सरकतात, खालून येणारा पक्का दात मग वाकडातिकडा येतो. म्हटलं, नुसती भरा की. तर दाढ बाजूंनीही पोखरलीय, भरलेलं टिकणार नाही. पुढच्या दातांना पांढऱ्या टोप्या मिळतात, पण मागे चावण्याच्या जागी या वयात स्टीलच मजबूत.

इथवर मी ऐकून घेतलं. मग म्हणतात, या दाढेला सुई नको, कोरणंही नको. टोपीत सिमेंट भरायचं आणि दाबून बसवायची. कीड आत कोंडली जाते, तिला खायला मिळत नाही, ती थांबते. दाढ पडेल तेव्हा टोपीही तिच्याबरोबर जाईल.

“कीड न काढताच?” मी म्हटलं. “बाई, मी सील चोख काट्यावर मारतो. खोट्यावर मारलं तर नोकरी जाईल माझी.”

“तुमचा काटा उपाशी ठेवला तर खोटेपणा सोडतो का?” त्यांनी विचारलं. “कीड सोडते. नस अजून शाबूत आहे म्हणून हे जमतंय. नसेपर्यंत गेली असती तर वेगळं करावं लागलं असतं.”

निघताना मला म्हणतात, “मुंगी डावीकडे दुखतं असं कधी म्हणते का?” नाही म्हटलं. “आईही नाहीच म्हणाल्या,” असं म्हणून कागदावर काहीतरी खरडलं. लक्षात आलं ना तुझ्या? उजवीकडचं अजून झालं नाही तोवर बाईंची नजर डावीकडे!

तरीही, बसव टोपी. परवानगी देतोय. काटा अचूक होता म्हणून देतोय, दुसरं काही कारण नाही. मात्र माझा डोळा आहे.

मुंगीचा बाबा


शुक्रवार, १ सप्टेंबर

मुंगीच्या आईस,

टोपी पाहिली. चकचकीत आहे. मुंगीने आल्याआल्या जबडा फाकून दाखवली, वरच्या मजल्यावरच्या आजोबांना दाखवली, दूधवाल्याला दाखवली. तिचं कौतुक मला मान्य आहे.

पण टोपी उंच बसलीय! तोंड मिटलं की टोपी आधी टेकते आणि डावीकडचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. मी डावीकडे कागदाची पट्टी ठेवून बघितली, सुळकन निघून आली. एका बाजूला झुकलेला काटा मी दुकानात राहू देत नाही आणि पोरीच्या तोंडात राहू देऊ? डॉक्टरीणबाईंनी दिलेला छापील कागद तू पाठवलास, त्यात लिहिलंय की सुरुवातीला असं वाटेल, एक-दोन आठवड्यांत दाढा आपसूक जुळवून घेतील. वा, काय सोय आहे! माप चुकलं तर गिऱ्हाइकाने जुळवून घ्यायचं.

आणि हे बघ, मुंगी जेवत नाहीये. डब्यातला अर्धा पाव परत येतो. सफरचंद बघितलं की पोट भरलं म्हणते. ही टोपीचीच करामत. ती टोपीच्या बाजूने चावायला घाबरते, दुसरं काय? मी रोज विचारतो, “दुखतं का गं?” रोज तेच, “नाही.” आणि ते ‘नाही’ म्हणायच्या आधी ती माझ्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते. मी इतकी वर्षं खोटं बोलणारी माणसं बघतोय. पढवलेला साक्षीदार मला कळतो. ‘बाबाला काही सांगू नकोस’ असं त्या पोरीला कोणीतरी सांगितलंय. कोणी, ते मी लिहीत नाही. तुझं तुला कळेल.

पुढच्या आठवड्यात जाऊन टोपी काढून आण. नाहीतर मी दुसऱ्या डॉक्टरकडे नेतो.

मुंगीचा बाबा


बुधवार, १३ सप्टेंबर

मुंगीच्या आईस,

रविवारी तुझं पत्र आलं. ‘तूच तिला पढवतोस, ती माझ्याकडेही सफरचंद खात नाही, माझ्याकडेही नुसतं नाही नाही म्हणते’ असं तू लिहिलंस. वाचून माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता पुराव्यानिशीच दाखवतो हिला.

काल संध्याकाळी मी सफरचंदाच्या फोडी केल्या, मुंगीला समोर बसवलं, शेजारी कागद घेतला, हातात पेन. टोपीची बाजू ती कशी टाळते ते फोडीफोडीला लिहून काढणार होतो. तपासणी म्हणजे तपासणी.

तिने पहिली फोड खाल्ली. उजवीकडे. टोपीवर! कडाकडा चावली. दुसरी, तिसरी, सगळ्या उजवीकडेच. टोपी आपसूक बसलीय गं, बाईंच्या कागदात लिहिलं होतं तश्शी. मी बघतच राहिलो. म्हटलं, “आता या बाजूने खा बघू.” आणि एक फोड डावीकडे ठेवली.

तिने तोंड मिटलं आणि तशीच बसून राहिली. चावेना, थुंकेना. डोळे भरून आले. मी म्हटलं, “मुंगे, दुखतंय का?” तिने परत माझ्या हाताकडे बघितलं.

“बाबा, ते पेन ठेव ना.”

ठेवलं.

“या बाजूला दुखतं,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“पाहुण्यांच्या आधीपासून.”

मी विचारलं, आईला सांगितलंस? मान हलवून नाही म्हणाली. मला का नाही सांगितलंस? तर जे म्हणाली ते तसंच्या तसं लिहितोय, त्यात माझा एक शब्द नाही.

“काही सांगितलं की तू पत्र लिहितोस. मग आई लिहिते. तू आईचं पत्र वाचलंस की जेवताना माझ्याशी बोलत नाहीस. आई तुझं वाचते आणि दार लावून घेते. शाळेत तर मी वही काढतच नाही, ते पत्र दिसतं म्हणून. दप्तर खूप जड होतं, बाबा.”

मी तिला म्हणणार होतो, वेडे, एका पत्राचं वजन ते केवढं? तोंडापर्यंत आलं होतं. सगळा जन्म दुसऱ्यांची वजनं तपासण्यात गेला आणि ही एवढीशी पोर काय उचलून नेते-आणते ते मला दिसलं नाही. तुलाही दिसलं नाही. हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये. आपल्या दोघांना दिसलं नाही. पेन दिसलं की दुखणं गिळायचं, हे तिला कोणी पढवलेलं नव्हतं गं. तिचं तीच शिकली होती. मला काल फार रडू आलं. तिच्यासमोरच आलं. ती म्हणाली, “तुझीपण दाढ दुखते का?”

तशीच उचलून दवाखान्यात नेली. खिडकीवरची मुलगी मला बघून उभीच राहिली, पण हसली नाही. त्या दिवशी मुंगीने फोटोची पट्टी का चावली नव्हती ते आता कळलं ना? चावलं की कळ जात होती. काल रडत रडत चावली. डॉक्टरीणबाईंनी मागे मला डावीकडचं विचारलं होतं आणि मी त्यांना गिऱ्हाईक शोधणारी म्हणून तुला लिहून कळवलं होतं. ते पत्र सापडलं तर फाडून टाक.

आता नीट वाच. डावीकडची कीड नसेपर्यंत गेलीय. नुसती टोपी चालणार नाही. भूल देऊन नसेचा वरचा भाग काढायचा, औषध भरायचं, मग टोपी. आणखी महिनाभर कळलं नसतं तर दाढ काढावीच लागली असती, असं बाई म्हणाल्या. अजून वेळ गेलेली नाही. पण लांबवायचं नाही म्हणून शुक्रवारी सकाळी पहिलीच वेळ घेतलीय. माझ्या परवानगीची सही मी करून आलोय. तुझी विचारायला हे पत्र.

बाईंनी विचारलं, सोबत कोण बसणार? मुंगी म्हणाली, “दोघं.” त्या म्हणाल्या, बाळा, खुर्चीशेजारी एकालाच जागा आहे. मुंगी म्हणाली, “दोघं.” बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी जिराफाकडे बघितलं. शेवटी म्हणाल्या, बरं, एक जण हात धरेल आणि एक जण पायाशी बसेल. तू हात धर. मी पायाशी बसेन.

खोलीत सुई, दुखणं, घाबरू नकोस असलं काही बोलायचं नाही. बोलायचं ते डॉक्टरीणबाईंनी. आपण मूग गिळून बसायचं. हे सांगताना त्या माझ्याकडेच का बघत होत्या कोण जाणे. नंतर दोन-तीन तास ओठ बधिर असतो, मुलं तो गंमत म्हणून चावत बसतात आणि सुजवून घेतात. ते तू बघ, तुझ्या लवकर लक्षात येतं. संध्याकाळी मऊ भात मी करून आणतो. त्यात खुसपट काढू नकोस, भात मला येतो.

निघताना मी त्यांचा काटा परत एकदा बघितला. अचूकच आहे. काय करू, सवय जात नाही.

हे पत्र दप्तरातून येणार नाही. मुंगी शाळेत आहे आणि तिला हे मी लिहिलंय ते माहीत नाही. तुझ्या दाराखालून आत सरकवून जातोय. बेल वाजवत नाही, कारण दार तुझी आई उघडेल आणि मला आत ये म्हणावं की नाही या विचारात तिचा जीव अर्धा होईल. मुंगीचं दप्तर मी काल उलटं करून झटकलं. त्यात आता वह्या, डबा आणि आगपेटीतली दोन निळी कडी एवढंच आहे. ती कडी तिला हवी होती.

याचं उत्तर लिहू नकोस. फोन कर. भांडायचं असेल तर खुशाल भांड, मी मध्ये तोडणार नाही, फक्त ती शाळेत असेल तेव्हा. आजच कर. नंबर तोच आहे.

मुंगीचा बाबा